अकरातले आठ गेले! ओहायो स्टेटचा बचाव यंदा कोणाच्या जिवावर?

ओलेंटँजीकर | १९ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

जानेवारीत अटलांटात नॉत्र दामला ३४-२३ हरवून ओहायो स्टेटने अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं अजिंक्यपद घेतलं. त्या रात्री बचावात उतरलेल्या अकरा जणांपैकी आठ जण आता संघात नाहीत. आठच्या आठ एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, एनएफएलने उचलले. टायलिक विल्यम्स पहिल्या फेरीत, तुईमोलोआउ दुसऱ्या, सॉयर, रॅन्सम आणि कोडी सायमन चौथ्या, हॅनकॉक, टाय हॅमिल्टन आणि बर्क पाचव्या. पुढच्या लाइनची तर चौकडीच्या चौकडी गेली. उरले कोण? सेफ्टी (सगळ्यात मागचा) केलेब डाऊन्स, लाइनबॅकर (लाइनच्या मागची मधली फळी) सनी स्टाइल्स आणि कॉर्नर (कडेचा) इग्बिनोसन.

हे कमी होतं म्हणून की काय, बचावाचे सूत्रधार जिम नोल्स विजयाचे हार सुकायच्या आत पेन स्टेटला निघून गेले. आता मॅट पॅट्रिशिया आलेत. एनएफएलमध्ये न्यू इंग्लंडला नाव कमावलं, डेट्रॉइटला घालवलं.

गेल्या वर्षी या बचावाने सामन्यामागे सरासरी १२.९ गुण दिले होते, देशात सगळ्यात कमी. आणि ३० तारखेला पहिलाच पाहुणा टेक्सस, क्रमांक एकचा.

प्रश्न असा की अनुभवी माणसं अशी एकदम गेली की नेमकं काय जातं? ताकद तर नव्या पोरांतही असते. मग जागा भरायच्या कशा? पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंतून, तयार माल आणायचा की घरचीच पोरं उभी करायची? माझं मत सांगून टाकतो: पहिले चार सामने जड जाणार. बोला.

चहा_की_कॉफी | १९ ऑगस्ट, रात्री ९:५८

पुण्यातून भाबडा प्रश्न. हा मेस्सीवाला फुटबॉल ना?

निवांत_पाटील | १९ ऑगस्ट, रात्री १०:०३

नाही हो. ज्यात पाय सोडून बाकी सगळं वापरतात, तो.

कोपरारक्षक | १९ ऑगस्ट, रात्री १०:३१

धागाकर्ते, तुमचा प्रश्न मला कबड्डीतून कळतो. मी सांगलीकडे बरीच वर्षं डावा कोपरा खेळलोय. चढाई करणारा आत आला की कोपरा घोट्याला हात घालतो आणि त्याच क्षणी कव्हरने अंगावर जायचं असतं. यात कोणी कोणाला 'चल' म्हणत नाही. जुना कव्हर माझ्या खांद्याची हालचाल बघून निघायचा. नवा पोरगा त्याच्यापेक्षा तगडा होता, चपळही होता, पण तो माझा हात पडायच्या जरा आधी उडी मारायचा. झालं, चढाईवाला त्याला शिवून, मला फरफटत रेषेवर. दोन गुण.

पोरगा कच्चा नव्हता. त्याचं-माझं जमलेलं नव्हतं, एवढंच. अकरातले आठ बदलले म्हणजे अशा किती जोड्या तुटल्या, मोजा.

बकआय_बंडू | १९ ऑगस्ट, रात्री १०:४०

+१. फक्त इथे फरफटत नेणारा १४० किलोचा असतो.

तिसरा_डाऊन | २० ऑगस्ट, सकाळी ७:१५

कोपरारक्षक, 'कोणी कोणाला चल म्हणत नाही' हे कबड्डीत ठीक. इथे सतत म्हणावं लागतं, आणि तीच खरी गोम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गेल्या वर्षापासून, म्हणजे २०२४ पासून, कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. मागे हिरवा ठिपका दिसतो तो. कोच त्याच्या कानात डाव सांगतो, पण डाव सुरू करायच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की रेडिओ बंद. त्याआधीच चेंडू उचलला गेला तर तेव्हाच बंद. म्हणजे पॅट्रिशिया कितीही हुशार असोत, शेवटची १५ सेकंदं ते बाजूला उभे राहून बघणार.

आणि आक्रमणवाले नेमकी याच १५ सेकंदांत सोंगं करतात. समजा तीन रिसीव्हर (पास पकडणारे) उजवीकडे उभे आहेत. त्यातला एक मध्येच चालत डावीकडे निघाला. आता उजवीकडच्या दोघांना कोण घेणार, चालणाऱ्याच्या मागे कोणी जायचं की त्याला पलीकडच्याच्या हवाली करायचं, सेफ्टीने मागे राहायचं की खाली यायचं? चार जणांनी एकच उत्तर द्यायचं असतं. तिघांनी एक दिलं आणि चौथ्याने दुसरं, तर तो चौथा पुढच्या सात सेकंदांत टीव्हीवर पाठमोरा पळताना दिसतो.

त्यात ओहायो स्टेडियमची क्षमता १,०२,७८०. पाहुण्यांकडे चेंडू असला की लोक कानठळ्या बसतील इतका गोंगाट करतात. त्या गोंगाटात आपलीही पोरं एकमेकांना ऐकू जात नाहीत. मग सगळा कारभार हातांच्या खुणांवर.

बकआय_काकू | २० ऑगस्ट, सकाळी ८:०२

म्हणजे आम्ही ओरडतो ते चुकीचं की काय? गेली पंधरा वर्षं घसा बसवून घेतोय!

तिसरा_डाऊन | २० ऑगस्ट, सकाळी ८:१०

काकू, तुम्ही ओरडत राहा. त्यांच्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास टाकणाऱ्याचं, नुकसान जास्त होतं.

अथेन्सकर | २० ऑगस्ट, दुपारी १२:२०

नाव बघून ग्रीसमध्ये असेन असं समजू नका, जॉर्जियातलं अथेन्स. हा सिनेमा आम्ही २०२२ मध्ये पाहिलाय.

आमच्या २०२१ च्या बचावाने सामन्यामागे १०.२ गुण दिले. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्या एका बचावातले पाच जण पहिल्या फेरीत गेले. ट्रॅव्हॉन वॉकर तर सगळ्यात पहिला. मग जॉर्डन डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्हॉन्टे वायट, लुईस सीन. नकोबी डीन आणि टिंडल तिसऱ्या फेरीत, केंड्रिक सहाव्या. म्हणजे आठच! सूत्रधार डॅन लॅनिंग ऑरेगनला मुख्य कोच म्हणून गेले. तुमची आणि आमची पत्रिका घराघरांसकट जुळते.

आणि पहिला सामना कोणाशी? लॅनिंगच्याच ऑरेगनशी. निकाल ४९-३. मलाकी स्टार्क्स नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने पाठमोरं पळत, हवेत आडवं होऊन चेंडू पकडला. आम्ही त्याचं नावही नीट घेत नव्हतो तोवर. त्या वर्षी १५-० आणि अंतिम सामन्यात टीसीयूला ६५-७.

तेव्हा ओलेंटँजीकर, घाबरू नका. पण एक सांगतो. 'पहिले चार सामने' हा तुमचा हिशोब मला पटत नाही. आमच्याकडे केंट स्टेटने २२ गुण काढले तो एक सामना सोडला, तर सप्टेंबर मजेत गेला. उणीव दिसली ती डिसेंबरात. एलएसयूने ३० टाकले. मग ३१ डिसेंबरला तुम्हीच ४१ टाकलेत. तुमच्या किकरचा फटका भरकटला म्हणून आम्ही ४२-४१ ने वाचलो. नव्या पोरांची चित्रफीत जमायला दोन-तीन महिने लागतात. समोरचे कोच ती बघून भोकं शोधतात, ती डिसेंबरात.

बकआय_काकू | २० ऑगस्ट, दुपारी १२:४१

तो फटका नका हो काढू. बरोबर रात्री बाराला. आमच्याकडे नववर्षाच्या केकला कोणी हात लावला नाही.

निळा_मावळा | २० ऑगस्ट, दुपारी १:३०

ॲन आर्बरहून जय शिवराय. जॉर्जियाचं गोड उदाहरण दिलंत, आता कडू घ्या. २०२३ चं आमचं मिशिगन: १५-०, अजिंक्यपद, देशातला सगळ्यात चिवट बचाव. मग सूत्रधार जेसी मिंटर मुख्य कोच हार्बोंच्या मागोमाग एनएफएलच्या चार्जर्सला. सेनरिस्टिल, कोल्सन, बॅरेट, जेनकिन्स, हॅरेल गेले. पुढच्या वर्षी ८-५. टेक्ससने आमच्याच घरी येऊन ३१ टाकले, ऑरेगनने ३८.

आणि गंमत बघा, लाइनचे दोन आधारस्तंभ, ग्रॅहॅम आणि ग्रँट, आमच्याकडेच होते. दोघेही नंतर पहिल्या फेरीत गेले. मधली आणि मागची फळी मात्र विस्कटली. सेफ्टी रॉड मूर वसंतातल्या सरावात गुडघा मोडून वर्षभर बाहेर. कॉर्नर विल जॉन्सन ऑक्टोबरनंतर दिसला नाही. तगडी लाइन आणि मागे बोलणारं कोणी नाही, असं झालं की क्वार्टरबॅकला फक्त अडीच सेकंद तग धरावा लागतो.

बकआय_बंडू | २० ऑगस्ट, दुपारी १:३४

तुमचा क्वार्टरबॅकच नव्हता गेल्या वर्षी, बचावावर कशाला बिल फाडता?

निळा_मावळा | २० ऑगस्ट, दुपारी १:३६

क्वार्टरबॅक नव्हता तरी तुमच्या कोलंबसला येऊन १३-१० ने जिंकून गेलो. बाकी चालू द्या.

बकआय_बंडू | २० ऑगस्ट, दुपारी १:३७

😶

हिशोबनीस | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

एवढी चर्चा झाली, पैशाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जूनमध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली. आता विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सगळे खेळ मिळून. आठ अनुभवी माणसं गेली तर आठ अनुभवी माणसं बाजारातून आणा. घरी पोरं घडवायची हौस आता कोणाला परवडते?

बाकावरचा_बाळ्या | २० ऑगस्ट, रात्री ८:२५

हिशोबनीस, वहीत बरोबर आहे तुमचं. पण ओहायो स्टेटची यादी उघडून बघा की.

धाग्याच्या मथळ्यातच गडबड आहे. आठ 'सुरुवातीचे' गेले, बरोबर. पण त्यांच्या जागी येणारे सगळे काल दाढी फुटलेले नाहीत. केडन करी आणि केन्याटा जॅक्सन दोघेही २०२२ ची भरती. सॉयर आणि तुईमोलोआउ यांच्या मागे तीन वर्षं उभे राहिलेत. केडन मॅकडॉनल्ड, आर्व्हेल रीस, जर्मेन मॅथ्यूज २०२३ चे. लोरेन्झो स्टाइल्स तर आणखी जुना, नॉत्र दाममधून रिसीव्हर म्हणून आला आणि इथे बचावाकडे वळला. जागा नवी, माणूस नाही.

यातली कोणीही गेल्या दोन हिवाळ्यांत पोर्टलमध्ये नाव टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुठल्याही मोठ्या संघात पहिल्या अकरात गेलं असतं, आणि खिसाही भरला असता. थांबले. आजच्या दिवसात मला ही बातमी वाटते. सॉयरची मंडळी २०२३ नंतर ड्राफ्टला न जाता परत आली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यांच्या परत येण्याने ज्यांची जागा आणखी एक वर्ष लांबली, त्यांना कोणी विचारलं का?

लाइनचं सांगायचं तर लॅरी जॉन्सन २०१४ पासून तिथे लाइनचे कोच आहेत आणि माणसं फिरवत ठेवतात. गेला हंगाम १६ सामन्यांचा होता, चार जण सगळा भार कसे उचलतील? दुसऱ्या फळीने मॅट झिजवलेलाच आहे. मला काळजी लाइनची नाहीच. मागची आहे.

ओलेंटँजीकर | २० ऑगस्ट, रात्री ९:०५

बाळ्या, हा मुद्दा जोरदार. पण ४०-० असताना चौथ्या सत्रात खेळलेली मिनिटं आणि ७-७ असताना गोलरेषेवर उभं राहणं यात फरक आहे की नाही? कॉटन बोलमध्ये (गेल्या हंगामाच्या उपांत्य सामन्यात) टेक्सस गोलरेषेपासून एक यार्डावर होतं. डाऊन्स आणि रॅन्सम डाव वाचून आधीच धावले आणि सात यार्ड मागे ढकललं. मग चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, सॉयरने त्यांचा क्वार्टरबॅक यूअर्सच्या हातातून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळाला. यूअर्स एकेकाळी त्याचाच खोलीतला जोडीदार! ते बाकावर बसून शिकता येतं?

बाकावरचा_बाळ्या | २० ऑगस्ट, रात्री ९:१२

सॉयर ते कुठे शिकला? तोही आधी बाकावरच होता.

डब्लिनची_आई | २१ ऑगस्ट, सकाळी ६:३०

डब्लिन म्हणजे कोलंबसचं उपनगर, आयर्लंड नव्हे. (अथेन्सकरांच्या शेजारी बसते.)

मला यातलं काही कळत नव्हतं, पोरगा हायस्कूलच्या संघात सेफ्टी झाल्यापासून कळायला लागलं. पोळ्या लाटताना तो शेजारी बसून टॅबवर हडल ॲपमध्ये पुढच्या संघाची चित्रफीत बघतो. चेंडू उचलायच्या आधी चित्र थांबवतो आणि मोठ्याने बोलतो, 'टाइट एंड मागे सरकलाय, पाय जड ठेवलाय, रन आहे.' मग चालू करतो. बरोबर निघालं की मला टाळी मागतो, पिठाच्या हाताने द्यावी लागते.

त्याच्या कोचचा नियम असा की सेफ्टीने चुकीचं ओरडलं तरी चालेल, गप्प राहिलेलं चालणार नाही. सगळे मिळून चुकले तर सात-आठ यार्ड जातात, अर्धे चुकले तर टचडाऊन. सुरुवातीला हा लाजायचा. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलांना 'तू तिकडे सर' असं सांगायचं म्हणजे काय! आमच्या घरात मोठ्यांना उलटून बोलायचं नाही हे इतकं मुरलेलं की तेच मैदानात आडवं आलं. आता घरीही मला 'आई, सर' म्हणतो, तो भाग वेगळा.

कोपरारक्षक | २१ ऑगस्ट, सकाळी ७:४०

डब्लिनच्या ताई, दंडवत! अख्ख्या धाग्यातला हा सगळ्यात भारी प्रतिसाद. 'गप्प राहिलेलं चालणार नाही' हे आमच्या मास्तरांनी कधी सांगितलंच नाही.

तिसरा_डाऊन | २१ ऑगस्ट, सकाळी ९:१८

ताईंच्या प्रतिसादावरून धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर: गेलेले आठ मोजू नका, उरलेले तीन कुठे उभे आहेत ते बघा. डाऊन्स मागे, मधोमध. स्टाइल्स त्याच्या पुढे, लाइनबॅकर. आणि स्टाइल्स २०२३ पर्यंत स्वतः सेफ्टी होता, म्हणजे डाऊन्सला काय दिसतंय ते त्याला न सांगता कळतं. संघाचा कणा शाबूत आहे. निळ्या मावळ्यांच्या संघात नेमकं उलट झालं, दंड राहिले आणि कणा गेला.

आणि हिशोबनीस, डाऊन्सही पोर्टलमधूनच आला बरं का, कोच सेबन निवृत्त झाल्यावर अलाबामातून. तिथे पहिल्याच वर्षी १०७ टॅकल, संघात सगळ्यात जास्त. इग्बिनोसनही ओल मिसमधून. तेव्हा 'बाजार की घर' असा सरळ सामना नाहीच. बोलणारा एक बाजारातून आणा, ऐकणारे घरी वाढवा.

हिशोबनीस | २१ ऑगस्ट, सकाळी ९:३०

शेवटी पैशावरच आलात. आभारी आहे.

चहा_की_कॉफी | २१ ऑगस्ट, दुपारी २:१०

मला खेळ अजून कळला नाही, पण वाचायला मजा येतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली). हे पॅट्रिशिया कोण? कानावर पेन्सिल लावतात ते?

निवांत_पाटील | २१ ऑगस्ट, दुपारी २:२५

तेच. शिक्षण एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचं. म्हणजे आपल्यासारखाच, इंजिनिअरिंग करून भलतंच करणारा माणूस.

बकआय_काकू | २२ ऑगस्ट, रात्री ८:१५

अवांतर, पण महत्त्वाचं. ३० तारखेला शनिवारी आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम आहे. आरती दुपारी साडेबारा, महाप्रसाद एक वाजता. टेक्ससचा सामना दुपारी १२ ला! कार्यकारिणीत एकालाही कॅलेंडर बघावंसं वाटलं नाही. गेल्या वर्षी हॉल मिळत नव्हता म्हणून तारीख लवकर पकडली म्हणे.

बकआय_बंडू | २२ ऑगस्ट, रात्री ८:२०

काकू, 'सुखकर्ता' हाफटाइमला.

ओलेंटँजीकर | २२ ऑगस्ट, रात्री ८:३२

हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे. नाटुकल्यासाठी लावणार आहेत. पुढचं मी काही बोललो नाही.

डब्लिनची_आई | २२ ऑगस्ट, रात्री ९:००

नाटुकल्यात माझी भाची आहे हं. प्रोजेक्टरला हात लावलात तर बघा.

ओलेंटँजीकर | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

१४-७! गणपती बाप्पा मोरया!! तिसऱ्या सत्रात त्यांच्या क्वार्टरबॅकला, मॅनिंगला, गोलरेषेवर चौथ्या डाऊनला आडवा केला, तेव्हा अर्धा हॉल मोदकाची ताटं हातात घेऊन उभा होता. (फोनवर बघितलं. प्रोजेक्टर सुखरूप आहे.)

बाकावरचा_बाळ्या | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

मॅनिंगचा चेंडू कोणी पकडला? जर्मेन मॅथ्यूज. २०२३ ची भरती. सांगून ठेवलं होतं. 😎

तिसरा_डाऊन | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

उड्या मारायच्या आधी आकडे बघा. टेक्ससने ३३६ यार्ड काढले, आपण २०३. बचाव वाकला खूप, मोडला नाही. पण मला आवडलं ते वेगळंच. पॅट्रिशियांनी उभं राहायची पद्धतच अशी ठेवली होती की चेंडू हलेपर्यंत मॅनिंगला मागे एक सेफ्टी आहे की दोन, हे कळत नव्हतं. आणि हे आठ नव्या माणसांना घेऊन! एकही रिसीव्हर मोकाट सुटला असं झालं नाही. १५ सेकंदं चांगली वापरली पोरांनी.

अथेन्सकर | ३१ ऑगस्ट, सकाळी १०:००

अभिनंदन. डिसेंबरात भेटू.

निवांत_पाटील | ९ डिसेंबर २०२५, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. डिसेंबर आला.

नेहमीच्या हंगामाच्या बारा सामन्यांत एकूण ९३ गुण दिले. सामन्यामागे ७.७५! गेल्या वर्षीच्या आठ शूरवीरांपेक्षा कमी. ग्रॅम्बलिंग आणि विस्कॉन्सिन शून्यावर. सगळ्यात जास्त काढले इलिनॉयने, १६. आता बोला.

बकआय_बंडू | ९ डिसेंबर, रात्री ९:२२

आणि ॲन आर्बरला जाऊन २७-९. सॉयर, तुईमोलोआउ, बर्क, ज्यांच्या अनुभवाचे आपण इथे पोवाडे गायले, त्यांना चार वर्षांत मिशिगनला एकदाही हरवता आलं नाही. नवख्यांनी पहिल्या दणक्यात करून दाखवलं. निळे मावळे आहेत का घरी?

निळा_मावळा | ९ डिसेंबर, रात्री ९:५०

आहे. बर्फ उपसत होतो. आमच्याकडे पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक होता, त्याच्यासमोर माझ्या आजीनेही बचाव केला असता.

पण खरं सांगतो, तुमची पोरं बोलत होती. आम्ही रिसीव्हर इकडून तिकडे फिरवला की डाऊन्सचा हात वर आणि पाच जण एकदम सरकायचे. जळफळाट झाला बघून.

अथेन्सकर | १० डिसेंबर, सकाळी ८:३०

तुमच्या वेळापत्रकात पेन स्टेट अर्ध्या हंगामात कोसळलं, मुख्य कोचला ऑक्टोबरातच नारळ. विस्कॉन्सिनचं न बोललेलं बरं. ७.७५ हा आकडा कोणासमोर निघाला ते बघा. पहिला खरा मोठा आक्रमणवाला संघ डिसेंबरात भेटला, इंडियाना, आणि हरलात. १३-१०.

बकआय_काकू | १० डिसेंबर, सकाळी ८:४४

अहो, १३ दिले ना फक्त! २७ यार्डांवरून किक चुकली त्यात बचावाचा काय दोष? आमच्या किकरांना कोणाची दृष्ट लागलीय कोण जाणे.

बाकावरचा_बाळ्या | १० डिसेंबर, सकाळी ९:२०

आणि अथेन्सकर, पेन स्टेट का कोसळलं बघा. आमचे नोल्स तिथेच होते, त्यांच्या बचावावर आम्ही ३८ टाकले. सूत्रधार गेला की सगळं जातं म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत बघावी. वही त्यांच्याकडे होती, ती तीन-तीन वर्षं पाठ केलेली पोरं आमच्याकडे राहिली.

तिसरा_डाऊन | १० डिसेंबर, सकाळी ९:४१

तरी इंडियानाच्या सामन्यात शेवटी एक पास होता. तिसरा डाऊन, सहा यार्ड हवे होते, त्यांचा क्वार्टरबॅक मेंडोझाने ३३ यार्डांचा टाकला आणि सामना तिथेच संपला. तिथे कोणी गोंधळलं नव्हतं, सगळे आपापल्या जागी होते. एकास एक लढत, त्यांच्या रिसीव्हरने जिंकली. ऑगस्टमध्ये आपण भीती बाळगली ती न बोलल्याची. हरलो तिथे तो प्रश्नच नव्हता.

ओलेंटँजीकर | १० डिसेंबर, दुपारी १२:१५

मी 'पहिले चार सामने जड' म्हणालो होतो, त्यावर बंडूने व्हॉट्सॲपवर उच्छाद मांडलाय. टेक्ससने ३३६ यार्ड काढले होते, एवढंच नम्रपणे नोंदवतो. ओहायो विद्यापीठाविरुद्ध मध्यंतरापर्यंत आपण सगळे नखं खात बसलो होतो, तेही नोंदवतो.

आता प्रश्न पुढचा. डाऊन्स, स्टाइल्स, रीस तिघांचीही नावं पहिल्या फेरीसाठी घेतली जातायत. करीचं हे शेवटचं वर्ष. बाळ्या, यांच्या मागे कोण कोण थांबलंय, यादी आहे का तुझ्याकडे?

बाकावरचा_बाळ्या | १० डिसेंबर, दुपारी १२:३०

आहे. पण पोर्टल जानेवारीत उघडतंय. ते बंद झाल्यावर टाकतो, उगाच आत्ता नावं लिहायची आणि खोडत बसायची.

हिशोबनीस | १० डिसेंबर, दुपारी १२:३२

मी रक्कम लिहून ठेवतो.